लायसन्स कपाटात, गाडी पार्किंगमध्ये: ‘मला जमत नाही’ या वाक्याचं करायचं काय?

माझं चारचाकीचं लायसन्स २००९ सालचं. त्या लायसन्सवर मी पहिल्यांदा एकटीने गाडी चालवली २०२१ मध्ये. मधली बारा वर्षं ते बँकेत ओळखपत्र म्हणून तेवढं कामी आलं.

या बारा वर्षांत मी नोकरी बदलली, बाळंतपण झालं, सासऱ्यांचं लांबलचक आजारपण काढलं, सोसायटीच्या खजिनदाराशी हिशेबावरून भांडून जिंकले. पण गाडीचा विषय निघाला की माझं उत्तर तयार असायचं, ‘नाही बाई, मला गाडी जमत नाही.’ रक्तगट सांगावा इतक्या सहजपणे. समोरचेही मान डोलवायचे, कारण त्यांच्याही घरी कुणीतरी असंच म्हणणारं असायचं.

तुमचं वाक्य वेगळं असेल. चारचौघांत बोलणं जमत नाही, इंग्रजी जमत नाही, हिशेब जमत नाही, ‘नाही’ म्हणणं जमत नाही. मी मात्र शेवटपर्यंत गाडीचंच उदाहरण धरणार आहे. सगळ्यांवर थोडं थोडं लिहिलं की वाचताना बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी हातात काहीच उरत नाही. पायऱ्या याच राहतील, वाक्य तुम्ही आपलं घाला.

पद्धत माझी नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात आणि आपल्याकडे ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. गाभा एवढाच की घटना घडते, तिच्याविषयी आपण मनात काहीतरी धरून बसतो, आणि पुढचा त्रास बराचसा त्या धरून बसलेल्या गोष्टीतून होतो. चौकात गाडी बंद पडणं ही घटना. ‘सगळे मला मूर्ख समजतील आणि ते मला सहनच होणार नाही’ हा समज. बारा वर्षं रिक्षा हा परिणाम.

आधी वाक्य पकडा

एक साधी वही घ्या. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण मला कागदाने जास्त मदत केली. सात दिवस एकच काम करायचं: ती गोष्ट टाळण्याचा क्षण आला की त्या क्षणी मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि त्याच्या शेजारी, आपण प्रत्यक्षात काय केलं ते लिहायचं.

‘माझा आत्मविश्वास कमी आहे’ असं लिहू नका. ते वाक्य नव्हे, आपणच आपल्याला लावलेलं लेबल आहे. त्याच्याशी वाद घालता येत नाही. वाद घालता येईल असं काहीतरी हवं. माझ्या वहीतलं पहिल्या दिवसाचं वाक्य होतं: ‘चढावर बंद पडेल, मागचे हॉर्न मारतील, सगळे बघतील, मी रडेन.’ शेजारी: ‘रिक्षा केली. एकशे दहा रुपये.’

आठवड्याभराने वही वाचली तेव्हा थोडी गंमत वाटली. सात नोंदींपैकी एकीतही अपघाताची भीती नव्हती. मी इतकी वर्षं लोकांना ‘पुण्याचं ट्रॅफिक बघ ना’ असं कारण देत होते, आणि प्रत्यक्षात मला भीती होती ती लोकांनी बघण्याची. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात, म्हणून ही आठवड्याची कटकट टाळू नका.

मग त्याची जन्मतारीख शोधा

असं वाक्य बहुतेक वेळा एखाद्या विशिष्ट दिवशी जन्मतं. माझं पौड फाट्याला जन्मलं. ड्रायव्हिंग स्कूलचे वर्ग संपून आठवडा झाला होता. रविवार, सिग्नल हिरवा झाला, गाडी बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. असं चार वेळा. मागे बस. शेजारी नवरा. तो चिडला नव्हता, उलट अगदी समजुतीने म्हणाला, ‘ऊठ, मी घेतो.’ आम्ही जागा बदलल्या. ती बदलाबदल बारा वर्षं टिकली.

लिहून काढल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक, माझ्या जन्मभराच्या निकालामागे फार तर दहा मिनिटांचा पुरावा होता. दुसरी जास्त महत्त्वाची. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. आमचे सर सगळं आपल्याच पायांनी सांभाळायचे. म्हणजे मी शिकले होते ते स्टिअरिंग फिरवणं आणि गिअर टाकणं. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी हलती करणं, मला कुणी शिकवलाच नव्हता, आणि जे शिकवलंच नव्हतं ते आलं नाही म्हणून मी स्वतःला नापास केलं होतं.

कुणाचं वाक्य सातवीच्या वर्गात, फळ्यासमोर जन्मलेलं असतं. कुणाचं लग्नाच्या बैठकीत. कधी नेमका दिवस सापडत नाही, घरातल्या कुणीतरी प्रेमाने म्हटलेलं ‘ती जरा बुजरीच आहे’ वर्षानुवर्षं ठिबकत आलेलं असतं. तेही लिहा. फक्त इथे रेंगाळू नका. दोन दिवस पुरेत. दोष कुणाचा हे ठरवण्यात वर्ष काढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती अजून रिक्षानेच जातात.

‘येत नाही’ आणि ‘जमत नाही’

मराठीने आपली इथे मोठी सोय केली आहे. ‘मला येत नाही’ म्हणजे शिकायचं राहिलं आहे. ‘मला जमत नाही’ म्हणजे माझ्या घडणीतच खोट आहे. आपण दोन्ही एकमेकांच्या जागी वापरतो आणि तिथे घोटाळा होतो.

वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे खरोखर येत नाही ते. माझ्या डाव्या बाजूला होतं: चढावर गाडी उचलणं, रिव्हर्स पार्किंग, डावीकडे किती जागा आहे त्याचा अंदाज. उजवीकडे स्वतःवर मारलेले शेरे: ‘मी घाबरट’, ‘माझं लक्षच नसतं’, ‘बायकांना गाडीचा अंदाज नसतो’. डावी बाजू शिकवणीला न्यायची, उजवी उलटतपासणीला.

सकारात्मक विचारांवर माझा राग आहे तो इथे. ते डावी बाजू बघतच नाहीत. मीही एकदा फ्रिजवर ‘मी उत्तम गाडी चालवते’ अशी चिठ्ठी लावली होती. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. ती वाचून म्हणाली, ‘पण आई, तू चालवतच नाहीस.’ मनाचंही तेच होतं. ज्याला आधार नाही ते वाक्य कितीही वेळा घोका, मन मागून हळूच लेकीसारखं बोलतं.

वाक्यातला ‘च’

ही पायरी सावकाश वाचा, कारण माझ्यासाठी गाठ इथे सुटली.

एलिस यांचं म्हणणं असं की माणसाला इच्छा त्रास देत नाहीत, इच्छांचे हट्ट झाले की त्रास सुरू होतो. हे हट्ट तीन दिशांना असतात: स्वतःकडून, इतरांकडून आणि एकूण परिस्थितीकडून. मराठीत हट्ट ओळखायला फार शोधावं लागत नाही, कारण तो बहुधा एका अक्षरात बसलेला असतो. ‘च’.

गाडी पहिल्याच प्रयत्नात उचललीच पाहिजे. मागच्यांनी हॉर्न वाजवूच नये. रस्ता मोकळाच हवा. माझी तीन वाक्यं ही. आता ‘च’ काढून वाचा. गाडी पहिल्या प्रयत्नात उचलली तर बरं. मागच्यांनी हॉर्न वाजवला नाही तर छान. रस्ता मोकळा असला तर उत्तम. इच्छा तीच आहे, तिच्यातली सक्ती गेली.

‘च’ गेला की त्याच्या शेपटीला धरून आलेली दोन वाक्यंही तपासा. पहिलं, ‘भयंकर होईल’. नेमकं काय होईल ते सेकंदांत लिहा. गाडी बंद पडून पुन्हा सुरू व्हायला, घाबरलेल्या हातांनीसुद्धा, अर्धा मिनिट पुरतो. अर्ध्या मिनिटाचे हॉर्न. गैरसोय आहे, लाज आहे, पण ‘भयंकर’ हा शब्द मी सासऱ्यांच्या आजारपणातल्या एका रात्रीसाठी राखून ठेवला आहे. तिच्या शेजारी हे अर्धं मिनिट ठेवलं तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुसरं, ‘मला सहनच होणार नाही’. पौड फाट्याला चार वेळा झालं होतं. सहन झालंच होतं की.

आणि मग उत्तर लिहा. गोड नको, पटणारं हवं. माझं उत्तर असं होतं: ‘गाडी बंद पडू शकते. हॉर्न वाजतील. मी क्लच दाबून पुन्हा सुरू करीन. लाज वाटेल, ती वाटत असतानाच मी चौक ओलांडीन.’ कार्डावर लिहून ते गाडीत ठेवलं. पटणारं उत्तर ओळखायची खूण सोपी आहे: ते वाचून हसू येत नाही आणि उत्साहाने उड्याही माराव्याशा वाटत नाहीत. खांदे थोडे खाली येतात, एवढंच.

शिडी

इथपर्यंतचं सगळं खुर्चीत बसून होतं, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. वाक्य समजलं म्हणजे सुटलं असं वाटतं. तसं होत नाही, आणि त्याचं कारण टाळण्याच्या यंत्रणेत आहे. रिक्षा बोलावल्याक्षणी छातीतली धडधड उतरते. हे सुख इतकं लगेच मिळतं की मन शिकतं: टाळलं म्हणून वाचलो. दर वेळी टाळताना त्या वाक्याला एक साक्षीदार मिळतो. ते खोटं ठरण्याची संधी मात्र कधीच येत नाही.

म्हणून शिडी करायची. ज्या ज्या प्रसंगांची भीती आहे ते सगळे लिहा आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर असे भीतीचे गुण द्या. माझी शिडी अशी होती:

१५ – पार्किंगमध्ये गाडी सुरू करून पाच मिनिटं नुसतं बसणं
२५ – मोकळ्या मैदानात, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता फक्त क्लचवर गाडी हलवणं
४० – रविवारी सकाळी सहा वाजता सोसायटीभोवती फेरी
५० – सौम्य चढावर हँडब्रेक लावून गाडी उचलणं
६५ – दुपारी कर्वे रस्ता, शेजारी कुणीतरी
८० – तेच, एकटीने
९० – संध्याकाळी सात वाजता पौड फाटा
९५ – पावसात ताम्हिणी घाट

दोन पायऱ्यांमधलं अंतर पंधरा-वीसपेक्षा जास्त वाटलं तर मध्ये आणखी एक पायरी घाला. सुरुवात पंधरा-वीस गुणांवरून करा. एकदम नव्वदवर उडी मारून ‘भीती घालवायला’ निघालेले पुष्कळदा परत येतात ते आणखी एक पुरावा घेऊन.

प्रत्येक पायरीवर नियम एकच. भीती सर्वांत वर असताना उतरायचं नाही. ती थोडी ओसरेपर्यंत तिथेच राहायचं, आणि तीच पायरी कंटाळा येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. हो, कंटाळा. तो या कामातला माझा आवडता निकष आहे. मैदानातली पायरी मी नऊ दिवस केली. दहाव्या दिवशी मला जांभई आली, तेव्हा पुढे गेले.

पंचवीसच्या पायरीबद्दल थोडं सांगते, कारण हीच न शिकवलेली गोष्ट होती. सपाट जागा, पहिला गिअर, आणि क्लच इतका हळू सोडायचा की जणू खाली अंडं आहे. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज बदलतो, गाडी किंचित थरथरते आणि आपसूक सरकायला लागते. तो बिंदू पायाला कळला की चढाचं निम्मं काम झालं. मला तो कळायला एक तास लागला. बारा वर्षं आणि एक तास.

(गाडीचंच काम हाती घेणार असाल तर आधी लायसन्सची तारीख पाहा. मुदत संपून एक वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. कच्च्या लायसन्सवर शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती आणि गाडीला ‘एल’ लावणं बंधनकारक आहे. सीट बेल्टचं सांगायला नको.)

मुद्दाम चुकणं

एलिस यांची स्वतःची एक गोष्ट आहे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची प्रचंड भीती होती. त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिन्याभरात त्यांनी शंभर जणींशी संवाद साधला. भेटीचं ठरलं एकीशी, आणि ती आलीच नाही. हिशेबाने बघितलं तर शंभर टक्के अपयश. पण त्यांची भीती गेली, कारण शंभर नकारांत कुणी किंचाळलं नाही, पोलीस आले नाहीत, आकाश कोसळलं नाही.

(आजच्या काळात, अनोळखी बाईच्या शेजारी जाऊन बसायचा हा उद्योग कुणी करू नये. गोष्टीतला हिशेब तेवढा घ्या.)

पुढे ते आपल्याकडे येणाऱ्यांना लाजेवरचे व्यायाम द्यायचे. दोरी बांधलेलं केळं रस्त्यावरून कुत्र्यासारखं फिरवत न्यायचं, असा एक प्रसिद्ध आहे. मी केळं फिरवलं नाही. मैदानात गाडी मुद्दाम दहा वेळा बंद पाडली. शेजारी क्रिकेट खेळणारी पोरं होती, ती आधी हसली. सहाव्या वेळी त्यांनी बघणं सोडून दिलं. लोक आपल्याकडे बघतात हे खरंच आहे. पण ते किती लवकर कंटाळतात, हे मला त्या दिवशी मोजता आलं. मुद्दाम चुकायची जागा अर्थात सुरक्षित हवी. चौकात हा प्रयोग करायचा नाही.

अंदाज आणि प्रत्यक्ष

शिडीच्या प्रत्येक पायरीआधी वहीत दोन गोष्टी लिहा: काय होईल असं वाटतं आणि ते होण्याची खात्री किती टक्के. परत आल्यावर काय झालं ते लिहा. कर्वे रस्त्याच्या पहिल्या एकट्या फेरीआधी मी लिहिलं होतं, ‘निदान तीनदा बंद पडेल, ९० टक्के.’ झालं असं की एकदा बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मग बाजूने निघून गेला. त्याने वळूनही पाहिलं नाही. थोडा अपमानच वाटला म्हणा ना.

ही वही पुढे फार कामी येते, कारण मन यश विसरतं आणि फजिती जपून ठेवतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘मी हे करू शकतो’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कुणी धीर दिल्याने आणि शरीराच्या खुणांचा आपण लावतो त्या अर्थाने. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. धीर देणाऱ्या शब्दांचा क्रम तिच्या बराच खाली. ‘तुला जमेल गं’ असं मला बारा वर्षांत शंभर जणांनी सांगितलं असेल. उपयोग झाला तो खालच्या मजल्यावरच्या काकूंना पाहून. निवृत्तीनंतर शिकल्या आणि रोज सकाळी तीन वेळा मागे-पुढे करत गाडी लावतात. त्या सफाईने लावत असत्या तर मला काही फरक पडला नसता.

घरची माणसं

हे नाजूक आहे. तुमचं ‘जमत नाही’ घरातल्या इतरांच्याही सोयीचं झालेलं असतं. मी गाडी चालवत नाही म्हणजे चावी कुणाकडे, कुठे कधी जायचं, हे सगळं आपोआप ठरलेलं होतं. ते बदलायला लागलं तेव्हा कुणी विरोध केला नाही, पण ‘आज कशाला, पाऊस आहे’, ‘मी आहे ना’ हे वाढलं.

माझा सल्ला: शिकवायला घरचं माणूस घेऊ नका. नवरा शेजारी बसला की त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर जातो आणि तोंडातून ‘अगं क्लच, क्लच!’ निघतं. मी एका शिक्षकाला दहा दिवसांचे पैसे दिले आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘सर, तुमचे पाय वर घ्या. बंद पडू दे.’ नवऱ्याला एकच काम दिलं: मी परत आल्यावर ‘कशी झाली?’ एवढं विचारायचं, आधी सूचना द्यायच्या नाहीत. त्याने आठवडाभर पाळलं, मग विसरला, मग पुन्हा आठवण करून दिली.

घसरण

होणारच. तिसऱ्या महिन्यात मी पार्किंगच्या खांबाला बंपर घासला आणि ते जुनं वाक्य तीन महिन्यांची झोप काढून उठल्यासारखं ताजंतवानं होऊन आलं. अशा वेळी शिडीवरून दोन पायऱ्या खाली या, पण शक्यतो चोवीस तासांच्या आत काहीतरी करा. मी दुसऱ्या दिवशी फक्त सोसायटीभोवती फेरी मारली. जितके दिवस मध्ये जातात तितकं त्या वाक्याचं वजन वाढतं.

प्रत्येक कुंपण मनातलं नसतं

कुणाकडे शिकवणीचे पैसे नसतात, कुणाला वेळ नसतो, कुणाच्या घरी मोकळीक नसते. त्या अडचणींना ‘तुझ्या विचारांचा दोष’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. तसंच, भीतीमुळे घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगण्यात रस उरला नसेल, तर वही पुरणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या टेली मानस सेवेवर १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि काही ‘नको’ खरेच असतात. रात्री लांबचा प्रवास करायचा नाही हा माझा निर्णय आहे. समोरच्या दिव्यांचा डोळ्यांना त्रास होतो, डॉक्टरांनाही दाखवून झालं आहे. निर्णय कोणता आणि पळवाट कोणती हे ओळखायला मी एक खूण वापरते. ‘नको’ म्हटल्यावर काय वाटलं ते लगेच लिहायचं. काहीच विशेष वाटलं नाही तर तो निर्णय. ‘सुटले’ असं वाटलं तर संशय घ्यायचा.

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीला जायचं ठरलं, तेव्हा निघताना मी चावी नवऱ्याच्या हातात दिली आणि मागे लेकीशेजारी जाऊन बसले. घरी आल्यावर वही उघडली. त्या दिवसाच्या तारखेपुढे माझ्याच अक्षरात एक शब्द होता: सुटले.